एका घराला एकच नाव

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ११.१०

याच मिनिटाला मला पुसून टाकण्यात आले. फुलझाड मंडळाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, भिंतीवरच्या पडद्यावर. शनिवारच्या प्रदर्शनाची यादी – आणि माझे जांभळे ऑर्किड जाऊबाईंच्या नावावर! बी रुजवल्यापासून सात वर्षांनी पहिले फूल आले, तेही माझ्या खिडकीत. घराची वाटणी झाल्यापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या झाडाशी काय बोलणार?

हे संगणकवीरांचे कर्तृत्व. बँकेतून निवृत्त झाले, आता छंद म्हणून मंडळाची माहिती संगणकात भरतात. एका तक्त्यात माणसे, दुसऱ्यात झाडे, दोन्ही एकमेकांना जोडलेले. मागच्या यादीत ज्याची जितकी झाडे तितक्या वेळा त्याचे नाव येई. माझे नऊदा! शिक्षा म्हणून लिहून घेतल्यासारखे. मीच म्हटले, प्रत्येक माणूस एकदाच दाखवा.

दाखवला. आडनाव आणि पत्ता जुळला की माणूस एकच! जाऊबाई मंडळात माझ्याआधी आल्या, म्हणून त्या उरल्या. मी गळले.

बुधवार, ४ मार्च

संगणकवीरांना फोन केला. म्हणाले, काहीही पुसलेले नाही, तुम्ही आत आहात, फक्त दिसत नाही. वा! या घरची सून म्हणून चाळीस वर्षे दुसरे काय केले?

वर म्हणे, बक्षीस शेवटी एकाच घरात येणार ना? म्हटले, मधे विटांची भिंत आहे, या आणि डोके आपटून खात्री करा.

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, हजेरीत नाव नाही ती मुलगी वर्गात नाही.

जाऊबाईंनी यादी पाहिली असणारच. गप्प आहेत. आयत्या बिळावर नागोबा!

गुरुवार, ५ मार्च

ऑर्किड पाठवणार नाही. घरातच सुकू दे.

शुक्रवार, ६ मार्च

संगणकवीर आले. दारातच उभे ठेवले. हातात कुंडीला लावायची नवी पाटी – माझे नाव, पूर्ण. आता माणूस आडनावावरून नाही, सभासद क्रमांकावरून ओळखतो म्हणाले. एवढे साधे होते!

म्हटले, माझ्या फोनने अक्कल आली तर. ते खाली बघून म्हणाले, तुमच्या फोनने नाही. बुधवारी संध्याकाळी जाऊबाई ते दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढून त्यांच्याकडे गेल्या, आणि यादी बदलेपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत.

काय म्हणाल्या, मी विचारले.

"म्हणाल्या, धाकटी म्हणजे माझी झेरॉक्स नव्हे. तिचं फूल तिच्या नावावर लावा, नाहीतर माझीही झाडं यादीतून काढा."

पाटी घेतली. दार लावले.

शुक्रवार, संध्याकाळ

जाऊबाईंच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: वहिनी, उद्या गाडीत ऑर्किडची कुंडी मांडीवर धरायला माणूस हवे. मला एकटीला जमणार नाही. येणार की नाही ते लेखी कळवा. सकाळी आठच्या आत.