खासदार ब्रेंडल यांचं एक मत

ती. बाबांना जय भीम.

इथे जर्मनीत, हायडेलबर्गमध्ये, मी ब्रेंडल नावाच्या जुन्या अमेरिकन खासदाराचं चरित्र लिहितेय. मूळचा इथलाच सुतार, अमेरिकेत जाऊन खासदार झालेला. १९१७ मध्ये त्यानं अमेरिकेनं महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत दिलं, पुढची निवडणूक हरला आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

तुम्ही नगरसेवक असताना वस्ती पाडायच्या ठरावाला एकट्यानं विरोध केलात आणि तुमचं तिकीट गेलं. तेव्हा मी चिडून म्हणाले होते, "गप्प बसता आलं नाही?" तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.

काल प्रोफेसरबाईंनी विचारलं, "हा माणूस तुला इतका कसा कळतो?"

"माझे बाबा असेच आहेत," मी म्हटलं.

हे तुमच्याआधी त्यांनी ऐकलं, याचं वाईट वाटलं; म्हणून हे नुसतं पत्रातून कळवायचं नाही, हे पत्र पाठवत नाही. रविवारी फोन करून माझ्याच तोंडून तुम्हाला सांगेन.

तुमची,
मैत्री