दहापैकी सात

फुमिएताई,

साप्पोरोहून सेत्सुकोचा वाकून नमस्कार. गुडघा सोडून बाकी मी छान वाकते, काळजी करू नकोस.

माझं मागचं पत्र मात्र फाडून टाक. गुडघ्यातल्या इंजेक्शनांनी गुण आला, हे खोटं होतं. डॉक्टर दर आठवड्याला विचारायचे, "दहापैकी किती दुखतं?" बिचारे इतक्या आशेनं बघायचे, की त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी एकेक आकडा कमी सांगत गेले. सातावरून तिनावर आले, दुखणं तिथंच!

काल ते आणखी पाच सुया द्यायला निघाले. म्हटलं, "सातच आहे. पहिल्यापासून सातच."

"मग आधी का नाही सांगितलंत, आजी?"

"तुमचं मन राखत होते. आता गुडघा राखते."

तूही माझ्या पत्राच्या भरवशावर सोमवारी गुडघ्यात सुई घेणार ना? घे हवी तर, कुणाला गुण येतोही. पण आपण शाळेला जाताना धावत चढायचो, त्या चर्चच्या पायऱ्या सुईआधी चढून बघ आणि नंतरही. कितव्या पायरीला थांबलीस, तेच डॉक्टरांना सांग.

वसंतात तुझ्याकडे येतेय. गुडघे टेकल्याशिवाय प्रार्थना पोचत नाही, म्हणायच्या ना शाळेतल्या सिस्टर? आपण दोघी खुर्चीवर बसून करू. बघू कशी पोचत नाही ते!

तुझी हट्टी धाकटी,
सेत्सुको