पाटीवरचं एक अक्षर आणि बाबांची पिशवी

३ मार्च, सोमवार

पेंटर आला. मी नाही बोलावला, हिने बोलावला. हिचं म्हणणं, पाटी पुसट झाली म्हणून गिऱ्हाईक येत नाही. माझं म्हणणं, समोरचं विम्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत गेलं म्हणून येत नाही. ही म्हणाली, "ऑफिस परत आणता येतंय का तुम्हाला? नाही ना? मग पाटी रंगवू."

पेंटर शिडीवर चढलेला असताना इंग्रजीच्या बाई आल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी दर महिन्याला लाल रिफिल लागते त्यांना. वर्तमानपत्र तपासतात! पाटीकडे बघून म्हणाल्या, "रंगवतच आहात तर ती चूकही काढून टाका."

कसली चूक? तर इंग्रजी 'स्टेशनरी'मध्ये 'आर'च्या आधी 'ई' हवा. आमच्या पाटीवर 'ए'. उच्चार तोच, शब्द वेगळा. 'ई'वाला म्हणजे कागद, पेनं, लिहिण्याचं सामान. 'ए'वाला म्हणजे एका जागी स्थिर, न हलणारं. एकतीस वर्षं मी रस्त्याला सांगतोय की हे दुकान हलत नाही.

"बाई, आधी का नाही बोललात?"

"तेव्हा तुमच्याकडे गर्दी असायची. चारचौघांत कसं सांगणार?"

हे मात्र मनाला लागलं. आतून ही म्हणाली, "राहू द्या 'ए'. स्टुलावरून हलतात कुठे हे!"

४ मार्च

'ए'चा 'ई' झाला. पेंटरच्या लक्षात राहावं म्हणून बाईंनी त्याला 'इरेजरचा ई' असं शिकवलं. दिवसभर तेच गुणगुणत होता.

गिऱ्हाईक तरीही तीनच.

हिच्याशी शांतपणे बोललो. ३१ तारखेपर्यंत बघायचं, नाही जमलं तर शटर कायमचं खाली. शेजारच्या टेलरला गाळा हवाच आहे. ही म्हणाली, "दुपारी एक ते चार मी बसते. तुम्ही घरी जेवा, पडा जरा." मी हो म्हटलं. माशा मारायला दोघं कशाला?

६ मार्च

आज बाई खास सांगायला आल्या. काल घरी जाऊन जाडजूड कोश काढला म्हणे. हे दोन्ही शब्द सख्खी भावंडं निघाली. मूळ लॅटिन, अर्थ 'उभं राहणं'. आपल्या 'स्थान', 'स्थिर'शी लांबचं नातं. जुन्या काळी तिकडे बहुतेक माल विकणारे पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरायचे. पुस्तकं विकणारे मात्र विद्यापीठाजवळ कायमची जागा धरून बसायचे. म्हणून त्यांना 'जागेवरचे' म्हणायला लागले. त्यांच्याकडे मिळतं ते सामान म्हणजे स्टेशनरी. "तेव्हा तुमच्या पाटीवरची चूक अगदीच परकी नव्हती," म्हणाल्या.

कॉलर ताठ झाली माझी. फेरीवाला वेगळा, मी वेगळा! मी जागेवरचा! हिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ही म्हणाली, "आणि तुमचे बाबा?"

शेल्फ पुसत बसलो.

७ मार्च

बाबांबद्दल इथे कधी लिहिलं नाही. लिहून टाकतो.

बाबा फेरीवाले होते. कॅनव्हासची पिशवी (माळ्यावर आहे अजून), तिला पितळी बक्कल, आत कप्पे — निबं, टाक, शाईच्या पुड्या. ऑफिसं, शाळा, सगळीकडे पायी. मी सातवीत असताना आमच्या वर्गात आले. शेजारच्या मुलाने विचारलं, "ते तुझे कोण?" त्यांच्या चपला फाटक्या होत्या. मी म्हटलं, "कोणी नाही."

त्यांनी ऐकलं. प्रत्येक बाकावर दाखवायला एकेक निब ठेवत होते, तसं माझ्यासमोरही ठेवलं. पुढच्या बाकाकडे गेले. घरी कधी विषय काढला नाही. पुढे त्यांनीच साठवलेल्या पैशांतून हा गाळा घेऊन दिला — "तू बसून धंदा कर." आणि मी बसलो तो बसलोच.

११ मार्च

हिच्या हाताला यश आहे. दुपारच्या तीन तासांत निळ्या पेनांचं अख्खं खोकं संपलं. माझ्या वेळात एक मुलगी खोडरबराचा वास घेऊन गेली.

१३ मार्च

पुन्हा तेच. फायली, स्टेपलरच्या पिना, जेल पेनं. विचारलं, कोण येतं एवढं? "येतात माणसं," म्हणाली. घरी आली की पायाला तेल चोळत बसते. बसून पाय दुखतात?

१४ मार्च

मनात पाल चुकचुकली. कारण वही!

काउंटरवर दोरीने बांधलेली वही असते, पेन चालवून बघायची. एकतीस वर्षांत असा माणूस पाहिला नाही ज्याने न चालवता पेन घेतलं. कोणी सही करतं, कोणी नागमोडी रेघ, कोणी बायकोचं नाव काढून घाईने खोडतं. मी एक वाजता पान उलटून निघतो. चार वाजता बघतो तर पेनं गेलेली, पान कोरं! एक रेघसुद्धा नाही!

म्हणजे पेनं विकलीच जात नाहीयेत. माझं मन राखायला ही स्वतःच घेतेय आणि कुठेतरी लपवतेय. दुसरं काय असणार? उद्या घरातली कपाटं उघडतो.

१५ मार्च

कपाटात चादरी. पलंगाखाली माझे हरवलेले सॅंडल. पेन एकही नाही.

माळ्यावर बाबांची पिशवी नाही.

१७ मार्च

दोन वाजता दुकानावर गेलो. शटर खाली. टेलर मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "वहिनी साडेतीनला येतात. सव्वा एकच्या बसने जातात. तुम्हाला माहीत नाही?" सगळ्या रस्त्याला माहीत होतं!

पायरीवर बसून राहिलो. साडेतीनला ही आली, खांद्यावर पिशवी, घामाघूम. मला बघून थबकली. मग म्हणाली, "ओरडायचं असेल तर आधी पाणी द्या."

विम्याच्या नव्या इमारतीत जाते म्हणे. सात मजले, इतरही ऑफिसं, आणि पेन घ्यायला आसपास एक दुकान नाही. "माणसं तीच आहेत हो. तुमची चौकशी करतात. मी फक्त पहिले दोन मजले करते, गुडघ्यामुळे."

"मला सांगायचंस ना."

"तुम्ही 'मी जागेवरचा' म्हणून मिरवत होतात. काय सांगू?"

पिशवीत तिने स्वतःची वेगळी वही ठेवली होती. उघडली. पानंच्या पानं भरलेली. सह्या, रेघा, खोडलेली नावं. इतकी गच्च वही माझ्या काउंटरवर कित्येक वर्षांत झाली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

१८ मार्च

टेलरला सांगितलं, गाळा मिळणार नाही. हिला सांगितलं, उद्यापासून सकाळी अकराला स्टुलावर तू. ती म्हणाली, "आणि वरचे पाच मजले?"

मी पिशवीचं बक्कल पुसत होतो. लख्ख झालं.

१९ मार्च, बुधवार

रोजनिशी घरी आहे. हे पिशवीतल्या वहीवर लिहितोय, तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून. इथे जमीन मोजणीचं खातं आहे. नकाशे काढणारे एक गृहस्थ पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. पेन घेताना ते पिशवीकडेच बघत राहिले. पट्ट्यावरच्या शाईच्या डागावर बोट ठेवलं. म्हणाले, "नोकरीचं पहिलं निब मी या पिशवीतून घेतलं. तुम्ही त्यांचे कोण?"

"मुलगा," म्हटलं.