वही क्रमांक चौदाचा शेवट

मी, कुमारी यशोदा विनायक टिपणीस, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. पोटातल्या गाठीचे मात्र डॉक्टरांनी सांगून टाकले आहे, आणि दिवाळीचा विषय काढला तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. म्हणून घाई करते.

कलम १. माझे म्हणावे असे एकच घर आहे. सिडकोच्या सोडतीत लागलेले, तळमजल्यावरचे, एक खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मी दर रविवारी मुलींसाठी वाचनालय चालवत असे. एका लोखंडी कपाटात माझ्या हस्ताक्षरातल्या तेवीस वह्या होत्या. आता एकवीस आहेत. दोन कुठे गेल्या ते कलम ६ मध्ये येईल.

कलम २. वह्यांत राजाराणीच्या जुन्या गोष्टी मी नव्याने सांगितल्या आहेत. माझी नावडती राणी रानात हाकलल्यावर रडत बसत नाही, शेत करते. राजा न्यायला येतो तेव्हा ती म्हणते, भात कापणीला आलाय, नंतर या. तीन प्रकाशकांनी हे साभार परत केले. एकाने लिहिले, "मोठ्या मुली परीकथा वाचत नाहीत आणि लहानांना हे झेपणार नाही." हे गृहस्थ कधी पंधरा वर्षांच्या मुलीशेजारी बसले नसावेत. लहान पोराला पुढे काय होते ते हवे असते. पंधरा-सोळाच्या मुलीला पुढे काय होणार ते ठाऊक असते, रोज घरात ऐकू येते. ते टळले असते का, एवढेच तिला बघायचे असते. शिवाय कादंबरी दिसली की आई हिसकावून घेते, आणि राजाराणीच्या गोष्टी दिसल्या की "अजून ल्हान हाय पोर" म्हणून कौतुकाने सोडून देते. घणसोली गावातल्या मुली माझ्याकडे अशाच आल्या. प्रकाशकांची तिन्ही पत्रे कपाटाच्या तळाला अंथरली आहेत, ती तिथेच राहू द्यावीत. झुरळे कमी होतात.

कलम ३. माझ्या वाचनालयाचा एक नियम होता. प्रत्येक वहीच्या शेवटी चार पाने कोरी. वाचणाऱ्या मुलीला माझा शेवट पटला नाही तर तिने तिथे आपला लिहायचा. मी तो लाल पेनाने तपासून परत देत असे. बत्तीस वर्षे छापखान्यात लाल पेन चालवले, हात स्वस्थ बसत नव्हता.

कलम ४. आता जे लिहायचे त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. घणसोलीच्या पंढरी मढवींची मुलगी सोनल बारावीला होती. वही क्रमांक चौदात सातमजली वाड्यात कोंडलेली राजकन्या आहे आणि वाड्याखाली एक म्हातारी चेटकीण राहते. सोनलने कोऱ्या पानांवर लिहिले: राजकन्येचे लग्न ठरले आहे. हळदीच्या दिवशी सगळे नाचण्यात गुंग असतील. ती मागच्या दाराने निघून म्हातारीच्या घरी येईल. म्हातारीने दाराला कुलूप लावलेले नसेल. म्हातारी तिला आपल्या बहिणीच्या गावी नेईल आणि तिथून राजकन्या बारावीची परीक्षा देईल.

मी लाल पेनाने लिहिले: "परीकथेत बारावीची परीक्षा कुठून आली? म्हातारी मदत का करील ते स्पष्ट नाही. शेवट पटत नाही. पुन्हा लिही."

तिने पुन्हा लिहिले नाही. वही परत केली आणि म्हणाली, "बरं, बाई." पुढच्या रविवारी पंढरी स्वतः आमंत्रण घेऊन आले. "बाई, पोरीला वाचनाचं वलन तुमी लावलं. तुमी आल्याबिगर हलद लागायची नाय." मला अभिमान वाटला. फेब्रुवारी १९९२ ची गोष्ट, परीक्षा तीन आठवड्यांवर होती, आणि तरीही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

हळदीला मी गेले. मांडवात पहिल्या पंगतीला बसून जेवले. मधे अर्धा तास सोनल दिसेना, बायका म्हणाल्या, अंगाला पाणी घ्यायला गेली असेल. संध्याकाळी घरी आले तर माझ्या दाराच्या कुलपावर हळदीची बोटे होती. मग मी कपाट उघडून वही चौदा पुन्हा वाचली.

इथवर चूक होती. पुढचे पाप आहे. लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचे होते, मधे सबंध रात्र आणि सकाळ होती. घणसोली दहा मिनिटांवर. मी ओल्या फडक्याने कुलूप पुसले आणि दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायला गेले. पंढरी काय म्हणतील, गाव माझ्या दारावर येईल, मुली यायच्या बंद होतील, ही भीती होती. मुली तशाही बंद झाल्या. एकामागून एक लग्ने झाली, वह्यांत त्यांनी लिहिलेला एकही शेवट खरा झाला नाही. गोष्ट बदलता येते, एवढेच मी त्यांना दाखवले. त्याने त्यांचे दुःख कमी झाले की वाढले, मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी नावड्याला सोनलच्या घरी गेले. नवरा तळोज्यात कारखान्यात असतो, दोन मुले आहेत. तिने चहा दिला. मी माफी मागितली तर पदराने कपबशी पुसत म्हणाली, "ती गोष्ट व्हती, बाई. तुमीच लिवलं ना, पटत नाय म्हनून."

कलम ५. माझे घर, कपाट आणि उरलेल्या वह्या मी सोनल दिपेश खानावकर हिला देते. तिने तिथे राहावे, बारावीला बसावे, भाड्याने द्यावे किंवा नुसती किल्ली जवळ ठेवावी. एक दार तरी तिच्या नावाचे असावे. सहा वर्षे उशीर झाला आहे, हे मला कळते.

कलम ६. वकील म्हणाले, सोनलला ते मिळाले नाही तर पुढे कोणाला, हे लिहावेच लागते. माझा भाचा आशुतोष याच्याखेरीज मला कोणी नाही, म्हणून नाइलाजाने त्याचे नाव घालते. यानेच वह्या नऊ आणि दहा रद्दीत घातल्या होत्या. उरलेल्यांचेही तो तेच करील. त्याला एरवी फक्त वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळावा.

कलम ७. या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करील, त्याला यातून काहीही मिळणार नाही. पुढे आशुतोषने कज्जा करू नये म्हणून ही अट मीच घातली आहे. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी जाईबाई साक्षीला बसणार, म्हणून तिला द्यायचे पितळी डबे मी कालच तिच्या हातात दिले.

सोनलला आज अकरा वाजता बोलावले आहे. येईल असे वाटत नाही. आली तर सह्या होण्याआधी हे तिला वाचायला द्यावे. सवयीप्रमाणे खाली थोडी जागा कोरी सोडते आहे.

एवढे लिहून हात थांबवते. जे लिहिले ते खरे आहे.

यशोदा विनायक टिपणीस
कोपरखैरणे, दि. ९ ऑगस्ट १९९८

साक्षीदार १ : हौसेराव जगताप, सेक्रेटरी, याच सोसायटीत राहणार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदार २ म्हणून जाईबाईचे नाव लिहिलेले होते. ते सौ. सोनल यांनी खोडले आणि तिथे स्वतः सही केली. कलम सातचा अर्थ मी त्यांना दोनदा समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "कलला मला." सही लाल शाईत आहे, टेबलावर तेच पेन होते.

साक्षीदार २ : सोनल दिपेश खानावकर, नावडे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले. शेवट पटत नाही.