धुक्याचं गाणं

२ डिसेंबर
आज शाळेत हजर झाले. सव्वादोन महिन्यांनी. एटापल्लीपासून नऊ कि.मी., स्कूटी सलीमने चालवली, मी मागे गळ्याला ओढणी गुंडाळून. त्याने टेलरिंगचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. गिऱ्हाइकांचे लग्नाचे ब्लाउज तसेच पडलेत.
गेडाम सर (मु.अ.) म्हणाले, "शाहीन मॅडम, यंदा पण जानेवारीत हिवाळ्याच्या गाण्यांचा कार्यक्रम घेऊ. पहिली-दुसरीचं तुमीच पाहा, दरवर्षीसारखं." मग माझ्या गळ्याकडे लक्ष गेलं त्यांचं. "म्हणजे... जमन तसं."
मान हलवली. दुसरं काय करणार.
गळ्यातली गाठ काढली आणि आवाज गेला. उरलाय तो पंक्चर ट्यूबमधून निघतो तसा. नागपूरच्या डॉ.नी आधीच सांगून ठेवलं होतं, नस दुखावू शकते. सहा महिन्यांत परत येईल, वर्षाने येईल, किंवा. जोर लावायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो म्हणे. मार्चमध्ये परत दाखवायचंय.
म्हणून ही वही. दिवसभराचं बोलायचं राहतं ते इथे.

५ डिसें.
पहिली-दुसरी मिळून तेवीस पोरं. मी ओळ म्हणायची, त्यांनी मागून म्हणायची, आठ वर्षं असंच शिकवत आले. आज मोबाइलवर मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं. मीच जुळवलेलं गाणं:
धुकं गं बाई धुकं
सागाचं गेलं डोकं
दुसरीची पोरं लगेच डोलायला लागली. पहिलीतली मंगली मोबाइलकडेच बघत बसली. मग मला म्हणते, "हे कोनती बाई हाय?"
मी स्वतःकडे बोट दाखवलं. ती हसली. पटलं नाही तिला. "ते बाई कदी येते शाळेत?"
जूनपासूनच गाठीमुळे गाणं बंद होतं, पहिलीच्या पोरांनी मला गाताना कधी ऐकलेलंच नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

९ डिसें.
पेटीवर चाल वाजवली. चार दिवस तेच. पोरं ऐकतात, तोंड उघडत नाहीत. पेटीच्या मागे कोण जाईल, पोरं माणसाच्या मागे जातात.
नागभीडहून अम्मीचा फोन. ती एकटी बोलते, मी मोबाइलवर टिचकी मारते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आज म्हणाली, "एक बार अम्मी बोल दे बेटा. कैसा भी निकले."
नाही बोलले. टिचकीसुद्धा मारली नाही. थोड्या वेळाने तिनेच ठेवला.

१३ डिसें.
मंगलीची आई चैती तिला न्यायला आली होती. धानाची मळणी आत्ताच आटोपली, केसांत अजून तूस. व्हरांड्यात टेकली आणि आपल्याच नादात काहीतरी गुणगुणायला लागली, माडिया बोलीतलं. आत मी पेटी वाजवत होते. एकेक मान दाराकडे वळली. मग मंगली गायला लागली, मग तिच्या शेजारची, मग अर्धा वर्ग. दहा दिवसांत नाही निघाला तो आवाज.
माझे हात पेटीवर तसेच.
चैती दचकून उठली. "चुकला का बाई?"
दोन्ही हातांनी नाही-नाही केलं. पाटीवर लिहिलं, उद्या येशील? तिला वाचता येत नाही. मंगलीने वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत. चैती म्हणाली, "मले शाळेतला गाना येत नाई."
लिहिलं, तुझंच.

१८ डिसें.
रोज तीन वाजता येते. नव्या तांदळाचं एक गाणं, एक बगळ्याचं. शब्द मी देवनागरीत उतरवून घेते, अर्थ मंगली सांगते. अर्थ सांगताना ती माझ्याशी फार मोठ्याने बोलते, मला ऐकूच येत नसल्यासारखं.
गेडाम सर खूश. "मॅडम, तुमचं टेन्शन तं गेलं!"
हो. गेलं.

२० डिसें.
हे कुणी वाचू नये.
आज चैती फाटकापाशी दिसली आणि तेवीसच्या तेवीस पोरं धावली. अशी माझ्याकडे धावायची. मी ओळ म्हटली की सगळी तोंडं उघडायची, तेव्हा गळ्यातून काय जातंय इकडे कधी लक्षच दिलं नाही. भाजी निवडताना गायचे, वह्या तपासताना गायचे. लग्न झाल्यापासून सलीम म्हणायचा, "रेडिओ बंद कर थोडा."
तो आता असं काही म्हणत नाही. घरात सगळे हळू बोलतात.
मनात आलं, चैतीला सांगावं, उद्यापासून नको येऊ.

२६ डिसें.
चैती तीन दिवस आली नाही. मंगलीपण नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं, खरं लिहायचं तर. दुसऱ्या दिवशी पोरांनी तीन वाजता दाराकडे बघितलं, कुणी रडलं नाही, काही नाही, नुसतं बघितलं. मला माझीच लाज वाटली.
उद्या तिच्या घरी जाते.

२७ डिसें.
गेले. चैती अंगणात सुपाने धान पाखडत होती. मला बघून उठली, बाज टाकली, पाणी दिलं. परत सूप हातात घेतलं. मग एकदम म्हणाली, "तुमी माह्यासंग बोलतच नाई. पोरीले लिवून देता. मले वाटला, बाईले राग आला. मी येऊन राह्यली ते आवडत नाई."
अर्धं खरं होतं ते. तेच टोचलं.
ओढणी सोडली. टाक्यांची खूण दाखवली. मग डॉ.चं सगळं बाजूला ठेवून तोंड उघडलं आणि तिचं नाव घेतलं. चै. पुढचं निघालंच नाही, नुसती हवा. ऑपरेशननंतर घराबाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा.
चैतीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. जवळ आली, दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, आजारी वासराला बघावं तसं. बराच वेळ.
"मांगच्या साली तुमी गाऊन राह्यले होते," ती म्हणाली. "मी मोळी घेऊन तारेच्या कुंपनापाशी उबी. सरपन उतरवला नाई, चालली पन नाई. घरी गेली तं मान अकडून गेली. नवरा म्हने पोरीले आश्रमशाळेत टाकू, खाना-कपडा भेटते. मी म्हनली, नाई, इथीच टाकतो. तो बाई हाय इथी."
मी ओढणी परत गुंडाळली.
मग म्हणाली, "तुमचा तो गाना मले शिकवा."

३ जानेवारी
शिकवणं म्हणजे काय, मोबाइल तिच्या कानाशी आणि माझा हात तालाला. तिच्या तोंडी धुकंचं 'दुकं' झालं. आता तेवीस पोरं 'दुकं गं बाई दुकं' म्हणतात. पाटी उचलली होती सुधारायला. ठेवून दिली.
मंगलीला अखेर पटलं की मोबाइलमधली बाई मीच. चैतीने सांगितलं म्हणून. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होती.

१५ जाने.
तालीम बरी. बगळ्याच्या गाण्यात दोघे भांडले, पांढरं धोतर एकच आहे. सलीमने दुकानातल्या उरलेल्या अस्तराचे पंख शिवून दिले, सहा जोड. माप घ्यायला स्वतः आला. पोरं हात पसरून रांगेत उभी, तो टेप लावतोय. बऱ्याच दिवसांनी त्याला मोठ्याने हसताना ऐकलं.

२४ जाने.
झाला कार्यक्रम. अंगणात सगळं गाव, बाया लेकरं कडेवर घेऊन. सकाळी गारठा एवढा की शेकोटी विझू दिली नाही.
आधी चैतीची दोन. मोठी माणसंपण गायला लागली, शेवटी कार्यक्रम कोण करतंय आणि बघतंय कोण, कळेना. गेडाम सरांचं भाषण राहूनच गेलं.
मग माझं. मी पेटीवर. चैती पोरांच्या मागे उभी. 'सागाचं गेलं डोकं' म्हणून पोरांनी एकदम डोक्यावर हात ठेवले आणि सगळे हसले.
माझं गाणं मी असं समोर बसून कधी ऐकलंच नव्हतं. चांगलं आहे. दुसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्तीची आहे, गाताना मी ती श्वासात लपवायचे. पोरांनी तिथे सरळ उडी मारली. तेच बरं वाटलं.
माझे ओठ हलत होते. चैतीने बघितलं. ती थांबली, मंगलीही तिच्याकडे बघून थांबली, बाकीची मात्र गात राहिली. वाट बघत होत्या दोघी.
ओठ मिटून घेतले. पेटीचा भाता ओढला. गाणं पुढे गेलं.
घरी येऊन खूप रडले. आनंदाने म्हणता येईल, पण नाही.

२ फेब्रु.
रविवार. सकाळी कणीक मळत होते. पुढच्या खोलीत सलीमची मशीन चालू. एकदम थांबली.
दारात आला, गळ्यात टेप, हातात कुणाची तरी अर्धी बाही. "तू आता काही..." म्हणाला.
मी खांदे उडवले. काय?
"नाई, मले वाटलं, रेडिओ लागला..."
हातातली बाही उलटीसुलटी केली. मग गेला. मशीन लगेच सुरू केली नाही त्याने.
मी हात धुतले नाहीत. कणकेने भरलेल्या हातांनी तशीच उभी राहिले, श्वाससुद्धा बेताने घेत.