दुसऱ्या नंबरचा गोलकीपर

कोच,

काल टीव्हीवर जर्मनीतली मॅच चालू होती. कॅमेरा बेंचवर गेला. तिथे हातमोजे घालून एक गोलकीपर बसला होता. माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो सॅड ला, ममा! होल मॅच ही ओन्ली सिट." मी म्हटलं, गप गं, असं बसून मजेत जगलेला माणूस मी पाहिलाय. मग तिला तुमच्याबद्दल सांगत बसले आणि कुकर लावायचा राहूनच गेला.

तुम्हीही जर्मनीतलेच, खाणीच्या गावातले. वडील कोळशाच्या खाणीत. तुम्ही दिवसभर कारखान्यात फिटरचं काम शिकायचात आणि संध्याकाळी गोलमध्ये उभे राहायचात. पुढे क्लबने पगारावर घेतलं, पण दुसरा गोलकीपर म्हणून. "आणि पहिला काही केल्या आजारी पडेना!" हे तुम्ही असं हसत सांगायचात की आम्हा मुलींना त्या पहिल्याचाच राग यायचा. मॅचआधी त्याला बॉल मारून मारून तयार करायचं आणि मग जाड कोट घालून बसायचं, अशी कितीतरी वर्षं. संघ वरच्या डिव्हिजनमध्ये गेला तेव्हाही तुम्ही बसूनच. उतरत्या वयात सिंगापूरच्या एका क्लबने बोलावलं आणि इथल्या या घामट हवेत तुम्ही एकदाचे पहिले गोलकीपर झालात. मग परत गेलाच नाहीत. इथल्याच एका नर्सशी लग्न केलंत आणि चोआ चू कांगला आमच्या शाळेत मुलींना शिकवायला लागलात.

माझं परीक्षेचं वर्ष आलं तसं बाबांनी जाहीर केलं, फुटबॉल बंद. मी दोन दिवस जेवले नाही, रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा जहाजावरचे इंजिनीअर, त्यांच्यापुढे इंजिनाचं चालत नसे, तिथे माझं काय चालणार! तेव्हा तुम्ही स्वतःहून बोलायला घरी आलात, नेमके सणाच्या दिवशी. आईने पुरणपोळी केली होती. ताटात काही टाकायचं नाही ही तुमच्याकडची शिस्त, आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही ही आमच्याकडची. तुम्ही संपवताय, आई वाढतेय. तुम्ही घाम पुसून पुन्हा संपवताय. आयुष्यभर गोल अडवलेल्या माणसाला आईची पोळी काही अडवता येईना! शेवटी बाबाच कळवळले आणि ताटावर आडवा हात कसा धरायचा ते त्यांनी तुम्हाला दाखवलं.

मी तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. बाबा विचारतात, "ही देशाकडून खेळेल?" माझा जीव कानात गोळा झालेला. तुम्ही म्हणता, "नाही."

"मग एखाद्या क्लबकडून?"

"तेही नाही. हात चांगले आहेत, पण पाय जड. गोल सोडून पुढे यायला उशीर करते."

अस्सा राग आला म्हणून सांगू! तूप ओतावं तुमच्या डोक्यावर असं वाटलं. माझी बाजू घ्यायला आलात की मला बुडवायला? बाबाही चक्रावले. "मग कशाला खेळू देऊ?" तुम्ही म्हणालात, "मीही फार मोठा नव्हतो. पण रोज सकाळी मैदानावर जायचंय म्हणून आनंदाने उठलो. तुमची मुलगी सरावाला येते तेव्हा तिचा चेहरा बघा एकदा." बाबा तुम्हाला लिफ्टपर्यंत सोडून आले. तुम्ही गेल्यावर आईला म्हणाले, "हा माणूस पोरीची खोटी तारीफ करायला आला नव्हता. खेळू दे तिला."

मी खेळले. परीक्षाही बऱ्यापैकी झाली. तुम्ही कायमचे गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यालाही आता खूप वर्षं झाली. आज मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे चालते करते. दर रविवारी पुंगोलच्या मैदानावर आम्ही चाळिशीच्या बायका खेळतो, गोलमध्ये मी. नवरा म्हणतो, शनिवारी संध्याकाळपासूनच तुझी चाल बदलते. खरंय त्याचं. तुम्ही म्हणाला होतात तसंच सगळं झालं, देश नाही की क्लब नाही, आणि तरी मी मजेत आहे, अगदी मनापासून.

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. तेच बरं, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नसती. मागच्या रविवारी समोरची एकटीच बॉल घेऊन सुटली. मी वेळेवर गोल सोडून पुढे धावले आणि तिच्या पायातून बॉल काढून घेतला. चिखलात पडल्या पडल्या मनात आलंच, कोच चुकले होते.