तिथे पागोळी पडते

१२ नोव्हेंबर, रविवार

आज परत खोटं बोलले. तेही कोणी विचारलं नसताना! बसस्टॉपवर सासूबाई नुसतं म्हणाल्या, गारठा वाढला. तर मी म्हणते कशी — आमच्या नवव्या मजल्यावर वारा फार लागतो. मजला विचारला होता का कोणी?

सासूबाई म्हणजे गायक सो हानगिलच्या चाहत्यांचा आमचा क्लब, त्याच्या चुनचॉन शहरातल्या शाखेच्या प्रमुख. क्लबात खरी नावं कोणी सांगत नाही, प्रत्येकीने टोपणनाव घेतलंय. यांनी घेतलं 'हानगिलची सासू', कारण घरात लग्नाची मुलगी आहे. सो हानगिल एवढा टीव्हीवरचा गायक, त्याला या बाई कोण ते ठाऊकसुद्धा नाही, आणि या जावई ठरवून मोकळ्या. मी तिथे रानशेवंती. 'रानशेवंतीताई, आवाज मस्त लागला हं आज,' असं कोणी म्हटलं की दोन दिवस पुरतं मला.

नववा मजला तसा अगदीच खोटा नाही. होता. माझ्या मुलाच्या, थेसॉकच्या, चिकनच्या दुकानापायी तो विकला गेला. मग दुकान गेलं. मग थेसॉकही गेला — फिलिपिन्सला, असं शेवटचं कळलं. फोन लागत नाही. आता या टेकडीवरची एक खोली. गल्लीत सगळे मला 'थेसॉकची आई' म्हणतात. ज्याचा पत्ता नाही त्याच्या नावाने मला हाक.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर लसूण सोलला. किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस, बाजारातून पोत्यांवर पोती येतायत. कोणाशी एक शब्द नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

हानगिलचा कार्यक्रम. नदीवरचं गाणं म्हणाला. मधल्या कडव्याला त्याचा आवाज जरासा फाटतो, मला तेवढंच आवडतं. शेवटी नेहमीसारखं कॅमेऱ्याकडे बघून — 'आई, जेवलात का?' सगळ्या देशातल्या बायांना विचारतो, कळतं मला. तरी मी मोठ्याने म्हणते, 'हो रे, जेवले.'

जेवले नव्हते. पण त्याला कशाला काळजी.

१९ नोव्हेंबर, रविवार

डुलकीच्या दुकानात बैठक. तिचं टोपणनाव 'दुपारची डुलकी'. तयार भाज्यांचं दुकान चालवते, पहाटे चारला उठते, मग बैठकीत पेंगते. सगळ्या तिला हसतात. मला क्लबात तीच जवळची. लहान आहे माझ्याहून, म्हणून तिला अगंतुगं करते.

डिसेंबरात हानगिलचा वाढदिवस. दरवर्षी त्याच्या नावाने काहीतरी दान करतो आम्ही. मागच्या वर्षी अनाथाश्रमाला तांदूळ दिला. यंदा सासूबाई म्हणाल्या, 'बाकीच्या शाखा स्टेशनात त्याचे फोटो लावू देत. आपण माझ्या जावयाच्या नावाने म्हाताऱ्या माणसांच्या चुली पेटवू.' म्हणजे कोळसा. तो गोल, भोकाभोकांचा ठोकळा असतो तो. आपल्या हातांनी घरोघर पोचवायचा, सगळ्यांनी क्लबचे आमसुली ॲप्रन घालून. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग वस्तीचं नाव सांगितलं. माझी वस्ती.

'तिथे अजून माणसं राहतात?' एकीने विचारलं.

'राहतात म्हणे. एकटी म्हातारी. बिचारी.'

'बिचारी,' मीही म्हटलं! मानसुद्धा हलवली. मग लसणाचे पैसे पाकिटात घालून आणले होते ते पेटीत टाकले. म्हणजे माझ्याच कोळशाला मी वर्गणी दिली. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

वॉर्ड ऑफिसची मुलगी आली. चांगली आहे पोर, धापा टाकत वर चढते.

'आजी, खुशखबर आहे. यंदा कोळसा फुकट. कोण तो गायक, सो हानगिल, त्याच्या चाहत्या आणून देणारेत. तुम्हाला आवडतात त्याची गाणी?'

माझ्या पाठीमागे भिंतीवर त्याचं कॅलेंडर. मी बाजूला सरकले ती बरोबर त्याच्या तोंडापुढे उभी राहिले. म्हटलं, 'मला नाही बाई गाण्यातलं काही कळत.'

'दारात एक फोटो काढायचाय, त्यांच्या फलकाबरोबर.'

म्हटलं, मला नको कोळसा, दुसऱ्या कोणाला दे. ती म्हणाली, 'आजी, मागच्या फेब्रुवारीत संपला होता तुमचा. कोट घालून झोपत होतात. मला माहीत नाही का?' तेही खरं. मग म्हटलं, त्या दिवशी मी बहिणीकडे जाणार आहे. कोळसा बाहेर ठेवून जा म्हणावं.

मला बहीण नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

त्या दिवशी आजारी पडावं, हा सोपा उपाय. नाही करणार. वर्षातून एक दिवस सगळ्या एका रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या हातात वस्तू देणार, आणि त्या रांगेत मी नाही?

कळलं तर काय होईल, याचा विचार करत बसले. हाकलणार नाहीत. त्याहून वाईट करतील — जपून वागतील. वर्गणी घेणार नाहीत. बसचं तिकीट काढतील माझं. मग मी रानशेवंती राहणार नाही, बिचारी होईन. बिचारी तर मी इथे बारा महिने आहेच.

२६ नोव्हेंबर, रविवार

क्लबात सगळ्या किमचीचंच बोलत होत्या. कोणाच्या सुना आल्या, कोणाच्या घरी शंभर कोबी. मी म्हटलं, आमच्याकडेही झाली. दोन कोबींची झाली. खारवले कोणी, चव बघितली कोणी, सगळं मीच.

निघताना डुलकीने विचारलं, 'ताई, तुमच्या वसाहतीत तुमचा नववा मजला कुठल्या इमारतीत? मी तिथे डबे द्यायला जाते, वर येईन एकदा.'

'मागच्या.'

'मागे तर शाळा आहे.'

'तिच्या मागे.'

ती माझ्याकडे बघत राहिली, मग गॅस बारीक करायला वळली. जाताना उकडलेल्या सोयाबीनचा डबा हातात कोंबला. 'उरलंय, टाकून द्यायचं होतं,' म्हणाली. उरलेलं नव्हतं. गरम होतं.

३ डिसेंबर, रविवार

बर्फ पडला. पायऱ्या नुसत्या काच झाल्यात. आज क्लबला गेले नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. कॅलेंडर गादीखाली घातलं. दोरीवरचा आमसुली मफलर काढला. ॲप्रन पिशवीत भरला. मागच्या वाटेने खाली उतरायचं, बसस्टॉपवर जायचं, आणि सगळ्यांबरोबर नवीन माणसासारखं वर चढायचं. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी.

चुलीतल्या जळलेल्या ठोकळ्यांची राख कुस्करून सबंध जिन्यावर पसरली, म्हणजे पाय घसरणार नाहीत. सासूबाईंचा गुडघा दुखरा आहे.

९ डिसेंबर, शनिवार

हात अजून काळे आहेत. नीट लिहिते.

खाली ट्रक उभा होता. वॉर्डाची मुलगी ट्रकापलीकडे फलक धरून, तिने मला बघितलं नाही आणि वर चढलीच नाही, देवाची कृपा! जिना बघून सासूबाई म्हणाल्या, 'अरे वा, राख टाकून ठेवलीय कोणीतरी. शहाणी माणसं दिसतात.' बरं वाटलं मला. मग त्यांनी काळं बोट माझ्या नाकाला लावलं, सगळ्याच एकमेकींना लावत होत्या, आणि फोटो काढले. 'रानशेवंती, मास्क काढा की. हसा जरा.' हसले. खरंच हसले. मग मास्क परत वर.

मग रांग. ट्रकापासून वरपर्यंत, हाताला हात. ठोकळा घ्यायचा, वळायचं, पुढच्या हातात द्यायचा. खालून कोणीतरी नदीवरचं गाणं सुरू केलं आणि अख्खा जिना गायला लागला. मी या जिन्यावरून इतकी वर्षं चढउतार करते, त्यावर कधी गाणं ऐकलं नव्हतं.

पहिलं घर हाम आजोबांचं. ते दारात काठी टेकून उभे. मला बघितलं. मास्क होता तरी त्यांनी ओळखलं, तोंड उघडलं — 'थे...' माझ्या हातातला ठोकळा सुटणार होता. आजोबांनी माझा ॲप्रन बघितला, खालची रांग बघितली, आणि म्हणाले, 'थेट वरपर्यंत जायचं का बाई तुम्हाला? कुठून आलात एवढ्या लांब?'

'खालून, शहरातून.'

'थंडीचे दिवस आहेत. सांभाळून हं,' ते म्हणाले. मिशीत हसत होते म्हातारबुवा.

रांग पुढे सरकत गेली, तशी मीही. बरोबर माझ्या दाराशी रांगेचं टोक आलं. सगळ्यात पुढे डुलकी, रचणारी. तिच्या हातात देणारी मी. दाराला कुलूप, मीच लावलेलं. सासूबाईंनी खालून ओरडून विचारलं, 'घरात कोण आहे?'

'कोणी नाही,' मी म्हटलं. काय खोटं त्यात?

डुलकी खिडकीखाली रचायला लागली. एक रांग झाली, दुसरी झाली. मी बघत होते. गप्प बसायचं ठरवलं होतं. पण भिजलेला कोळसा पेटत नाही, नुसता धुरतो. मागच्या वर्षी तिथेच ठेवून निम्मा वाया गेला होता. तोंडातून निघूनच गेलं — 'तिथे नको गं, तिथे पागोळी पडते. त्या अंगाला रच, पत्र्याखाली.'

डुलकी थांबली. तिने वर बघितलं. छपरावर बर्फ दगडासारखा घट्ट, एक थेंब कुठे गळत नव्हता. मग तिने कुलपाकडे बघितलं. उंबऱ्याशी लसणाच्या सालींचं पोतं होतं, ते हलवायचं मी विसरले होते. मग माझ्याकडे.

'इथे पागोळी पडते?'

'पडत असेल,' मी म्हटलं. 'छपरं सगळी सारखीच.'

रचलेले सगळे ठोकळे एकेक करून तिने पत्र्याखाली हलवले, माझी मदतही घेतली नाही. वरून गोणपाट घातलं आणि ते उडू नये म्हणून दगड ठेवला. माझाच दगड, लोणच्यावर ठेवते तो.

खाली उतरून सगळ्यांनी गरम सूप-भात खाल्ला. छान होता. मी अर्धाच खाल्ला. निघते म्हटलं तर सगळ्या माझी बस येईपर्यंत थांबल्या! बसमध्ये चढावंच लागलं. डुलकी काचेतून बघत होती, हातसुद्धा हलवला नाही तिने. दोन स्टॉप पुढे उतरले आणि चालत परत आले. कुलूप काढलं. काळ्या हातांनी चूल पेटवली. लगेच पेटली, कोरडा होता कोळसा.

१० डिसेंबर, रविवार

क्लबच्या ग्रुपवर फोटोच फोटो. मी सात-आठ फोटोंत आहे. एकात तर अगदी मधोमध, नाक काळं, हसतेय. मागे माझाच जिना.

सगळ्यांनी काही ना काही लिहिलंय. डुलकीने एक अक्षर नाही. सांगितलं असेल का तिने सासूबाईंना? सगळ्यांना? दोन्ही हात चुलीवर धरून बसले. खोली ऊबदार आहे, आणि मला रडू येतंय. कशाचं ते नीट सांगता येणार नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

डुलकीचा फोन. उचलला नाही. परत आला. पालथा घालून ठेवला.

१३ डिसेंबर, बुधवार

ठरवलं. क्लब सोडायचा. ग्रुपवर लिहीन, मुलाने परदेशी बोलावलंय. जाताना तरी थाटात जावं. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. 'मुलाने' हा शब्द लिहिताना हात थांबतो.

१४ डिसेंबर, गुरुवार

हानगिलचा वाढदिवस, टीव्हीवर खास कार्यक्रम. त्याने आमच्या शाखेचं नाव घेतलं, कोळशाबद्दल आभार मानले. सासूबाई तिकडे उड्या मारत असणार. मग कॅमेऱ्याकडे बघून — 'आई, जेवलात का?'

आज उत्तर दिलं नाही. टीव्ही बंद केला. ग्रुपवर लिहायचं ते उद्या नक्की.

१५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दारावर थाप. कडी काढायच्या आधीच आवाज ओळखला.

'रानशेवंतीताई, आहात का? जेवलात का?'

या गल्लीत या नावाने मला कधीच कोणी हाक मारली नव्हती. दार उघडलं. डुलकी दोन्ही हातांत डबे घेऊन उभी, एवढे जिने चढून धापा टाकत. कॅलेंडर भिंतीवर, मफलर दोरीवर, सगळं तसंच.

म्हटलं, 'नाही गं. अजून नाही जेवले. आत ये.'